केप व्हर्दे विश्वचषकात, पण हा संघ नक्की कुणाचा?

डावखुरा
13 ऑक्टोबर 2025 ला आपल्या राजधानीत, प्रायात, केप व्हर्दे या आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या बेटांच्या देशाने एस्वाटिनीला 3-0 हरवलं आणि 2026 च्या फुटबॉल विश्वचषकाचं तिकीट काढलं. मध्यंतरापर्यंत 0-0 होतं. उत्तरार्धात लिव्रामेंतोने कोंडी फोडली, मग विली सेमेदो, आणि भरपाईच्या वेळेत 37 वर्षांचा स्तोपिरा. देशाची वस्ती जेमतेम सव्वापाच लाख. आपला एकटा सिंधुदुर्ग जिल्हा 2011 च्या जनगणनेत साडेआठ लाखांचा होता.

तेव्हापासून एक कुजकट शेरा सारखा वाचनात येतोय: हा त्या देशाचा संघ नव्हेच, रॉटरडॅम-लिस्बन-पॅरिसच्या पोरांची मोट आहे. मला हे साफ अमान्य आहे.

पोर्तुगीज पोचले तेव्हा ही बेटं निर्मनुष्य होती. गुलामांच्या व्यापारासाठी ती वसवली गेली. पाऊस बेभरवशाचा, 1940 च्या दशकातल्या दुष्काळांत हजारो माणसं अन्नावाचून मेली आणि लिस्बनचं सरकार बघत बसलं. ब्राव्हा आणि फोगो बेटांवरची माणसं तर त्याच्याही कितीतरी आधीपासून व्हेल पकडणाऱ्या अमेरिकी जहाजांवर चढून अमेरिकेत न्यू बेडफर्डला जात होती. पुढे कुणी रॉटरडॅम बंदरात जहाजावर लागलं, कुणी लिस्बनला गवंड्याच्या हाताखाली. आज बेटांवर जेवढे लोक आहेत त्याहून जास्त बाहेर आहेत. अशा देशाने संघ फक्त बेटांवरच शोधायचा म्हणजे निम्म्याहून अधिक माणसांना परकं ठरवायचं. कोकणातल्या गावाचा कबड्डी संघ मुंबईच्या चाकरमान्यांशिवाय उभा राहतो का?

सरळ_पास
चाकरमान्यांची उपमा छान आहे, पण लागू पडत नाही. चाकरमानी गणपतीला न चुकता गावी येतो, भावकीच्या भांडणात उतरतो. रॉबर्तो 'पिको' लोपेसचं काय? जन्म डब्लिनचा, आयर्लंडच्या 19 वर्षांखालच्या संघातून खेळलेला, शॅमरॉक रोव्हर्सचा बचावपटू. केप व्हर्देचे तेव्हाचे प्रशिक्षक रुई आगुआस यांनी त्याला लिंक्डइनवर पोर्तुगीजमध्ये निरोप धाडला. पठ्ठ्याला तो फालतू जाहिरातीतला वाटला, कित्येक महिने उत्तरच नाही. नोकरभरतीच्या संकेतस्थळावरून राष्ट्रीय संघ भरायचा आणि वर अस्मितेच्या गप्पा!

शिवाय विश्वचषक आता 48 संघांचा झालाय. आफ्रिकेच्या 5 जागा होत्या, त्या थेट 9 झाल्या. दार रुंद केल्यावर आत आलेल्याचं किती कौतुक करायचं?

आकडेमोड
जागांचा मुद्दा अर्धा खरा आहे. जुनी पद्धत असती तर गटात पहिलं येऊनही आणखी एक बाद फेरी खेळावी लागली असती.

पण गट बघा. 10 सामने, 7 विजय, 2 बरोबरी, 23 गुण. दुसरा आला कॅमेरून, 19 गुणांवर. आठ विश्वचषक खेळलेला कॅमेरून. आपल्या राजधानीत, याऊंदेत, त्यांनी केप व्हर्देला 4-1 धुतलं होतं, तरी सप्टेंबरमध्ये प्रायात लिव्रामेंतोच्या एका गोलवर ते हरले. पुढे त्यांना काँगो लोकशाही प्रजासत्ताकाने (किन्शासावाल्या) घरी पाठवलं. आणि ही पहिली वेळ नव्हती: 2013 च्या आफ्रिका चषकाला केप व्हर्दे पहिल्यांदा पात्र ठरला तोही कॅमेरूनलाच काढून. तिथे उपांत्यपूर्व फेरीत घानाकडून हरले. फिफाचं सदस्यत्व 1986 चं, म्हणजे तोवर उणीपुरी सत्तावीस वर्षं.

तेव्हाचे प्रशिक्षक लुसिओ आंतुनेस पेशाने विमानतळावरचे हवाई वाहतूक नियंत्रक होते. हे मला लिंक्डइनपेक्षा कितीतरी भारी वाटतं, पण त्याची बातमी कोण करतंय.

डावखुरा
@सरळ_पास, पिकोचे वडील केप व्हर्देचे. नियमात बसतं आणि रक्तातही. आता उलटी बाजू बघा. फुटबॉलपटू नानी प्रायात जन्मला आणि शंभराहून जास्त सामने पोर्तुगालकडून खेळला. पॅट्रिक व्हिएराची आई केप व्हर्देची, तो फ्रान्ससाठी विश्वचषक जिंकला. हेन्रिक लार्सनचे वडील तिथले, गोल स्वीडनचे. पोरं त्या दिशेला गेली तेव्हा कुणी 'खरा देश कोणता' असं विचारलं नाही. आता चार जण उलट्या दिशेने आले की लगेच जन्मदाखले तपासायचे?

मडगांवकर
पात्रांव, हा वाद आम्हा गोंयकारांना परका नाही. 1961 पर्यंत आम्हीही त्याच लिस्बनच्या सत्तेखाली. आज कितीतरी गोंयकारांकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, आणि तो घेतला की भारताचं नागरिकत्व गेलं. केप व्हर्दे दोन्ही ठेवू देतो, म्हणून रॉटरडॅमच्या पोराला घर, क्लब काहीच सोडावं लागत नाही. आपल्याकडे ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) देशासाठी खेळता येत नाही. पुणे एफसीचा इझुमी अराता भारताकडून खेळला तो जपानी नागरिकत्व सोडून. रायन विल्यम्सनेही 2025 मध्ये ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट टाकला. असा त्याग किती जण करतील?

सरळ_पास
@मडगांवकर, नियम बदलला तरी आपल्याला काय फरक पडेल? परदेशातल्या भारतीयांची पोरं फुटबॉलच्या अकादमीत कमी आणि इतरत्रच जास्त. विषयांतर नको.

@आकडेमोड, एक गोष्ट सोयीस्करपणे गाळलीत. याच संघाला 2025 चा आफ्रिका चषक गाठता आला नाही. इजिप्त, बोट्सवाना, मॉरिटेनिया यांच्या गटात तळाला. बोट्सवानाच्याही खाली! मग हा उदय म्हणायचा की एक जमून आलेली मोहीम?

आणि माझा मूळ प्रश्न बेटांवरच्या पोरांचा आहे. तिथली स्पर्धा बेटाबेटांवर वेगळी होते, मग विजेते राष्ट्रीय स्पर्धेत भेटतात. मध्ये समुद्र. राष्ट्रीय मैदान चीनच्या पैशाने झालं, 2014 मध्ये उघडलं, आसनं पंधरा हजार. परदेशातून तयार माल मिळत असताना मिंदेलो शहराच्या गल्लीत खेळणाऱ्या पोरावर महासंघ पैसे कशाला घालेल?

आकडेमोड
गाळलं नाही, विचारलंत म्हणून सांगतो: 2023 च्या आफ्रिका चषकातही ते उपांत्यपूर्व फेरीत होते, दक्षिण आफ्रिकेकडून पेनल्टीवर हरले. आलेख वरखाली आहे, पण एका मोहिमेचा नाही. 2013 च्या सप्टेंबरमध्ये तर विश्वचषकाचं दार हाताला लागलं होतं. ट्युनिशियाला त्यांच्याच घरी 2-0 हरवलं, आणि नंतर निलंबित फर्नांदो व्हारेलाला खेळवलं म्हणून फिफाने निकाल 3-0 असा ट्युनिशियाच्या नावावर केला. एका कागदाने बारा वर्षं लांबवलं.

डावखुरा
मिंदेलोचंच नाव काढलंत म्हणून. गोलरक्षक व्होझिन्या मिंदेलोचा. कर्णधार रायन मेंदेसही मिंदेलोचा. स्तोपिरा प्रायाचा. प्रशिक्षक बुबिष्टा बोआ व्हिष्टा बेटावरचे, स्वतः देशाकडून खेळलेले. मोट म्हणता ती बांधली बेटावरच्या माणसाने.

बाकी बेटांवरच्या अकादम्यांवर पैसा जायला हवा, यात वादच नाही. फिफाकडून पात्रतेची मोठी रक्कम येणार आहे, ती कुठे जाते ते बघू.

सरळ_पास
बघू काय, मी तेच तर म्हणतोय! ती रक्कम पुढच्या लिंक्डइन मोहिमेवर उडाली तर 2030 ला पुन्हा हेच.

मडगांवकर
15 जूनला अटलांटात स्पेनशी गाठ आहे, मग उरुग्वे, मग सौदी. स्पेनशी बरोबरी झाली तर?

सरळ_पास
तर पिको लोपेसला मी स्वतः लिंक्डइनवर निरोप धाडतो. मराठीत.