दुर्बीण टाकताना मनगटाला करंट : उपाय की नवं खूळ?

तेरणाकाठ :
मागल्या पोळ्याला चुलत्यांना रक्ताची उलटी झाली. लिव्हर सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन खराब झालेलं, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटल्या. रातोरात तोंडातून दुर्बिणीची नळी टाकून त्या शिरांवर रबरी बँड बसवले. घशात स्प्रे मारला होता, तरी त्यांनी पलंगाची दांडी अशी आवळली की बोटं पांढरी पडली. चिनी वैद्यकात नेइग्वान नावाचा बिंदू आहे, मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर. तिथं पट्टी चिकटवून हलका करंट देतात, ओकाऱ्या दबतात म्हणे. सुई नाही, गुंगी नाही. आपल्याकडं का नको?

बालाघाटी :
आता हेच राहिलं होतं! रक्त वाहतंय तेव्हा आधी बीपी सावरा, रक्त आवरायला टर्लिप्रेसिन द्या, अँटिबायोटिक द्या आणि १२ तासांच्या आत दुर्बीण. आमच्या तालुक्यातून मोठा दवाखाना गाठेस्तोवर त्यातले निम्मे तास रस्त्यातच जातात, रक्ताची पिशवी धुंडाळणं वेगळंच. घर पेटलंय अन् तुम्ही उंबरा सारवताय.

सिस्टर_बीड :
दादा, एकदा त्या खोलीत उभं राहून बघा. पेशंट ओकला की स्क्रीनवर सगळं लाल, डॉक्टरला शीर दिसत नाही. गुंगी द्यावी तर मिडाझोलमचा निचरा लिव्हरनंच करायचा असतो. ते खराब असलं की औषध रेंगाळतं, माणूस बरळतो, रक्त फुफ्फुसात जायची भीती. म्हणून कितीतरी जणांना शुद्धीतच करावं लागतं.

बालाघाटी :
या बिंदूचा भक्कम पुरावा ऑपरेशननंतरच्या मळमळीचा आहे, २०१५ चा कॉक्रेन आढावा, म्हणजे बऱ्याच चाचण्या एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष. तो मान्य. पण तोच रक्त ओकणाऱ्या सिरॉसिसवाल्याला कसा लावता? पट्टी लावली की आपल्यासाठी काहीतरी चाललंय या समाधानानंच अर्धा माणूस निवांत होतो. करंट नसलेली पट्टी लावून तुलना करा, मग बोलू.

तेरणाकाठ :
करा की तुलना, नको कोण म्हणतंय? पेसमेकरवाला वगळा. शुद्ध हरपत चाललेल्याला आधी श्वासनळीत नळी घालावी लागते, तिथं पट्टीचा विषयच नाही. पण पेशंटचा त्रास कमी करणं म्हणजे उंबरा सारवणं, हे नाही पटत. बँड एकदा बसवून भागत नाही, शिरा बुजेस्तोवर काही आठवड्यांनी परत परत जावं लागतं. चुलते दुसऱ्या खेपेला एसटी स्टँडवरूनच माघारी फिरले. "मेलो तरी चालंल, ती नळी नको."

सिस्टर_बीड :
तारीख गेली असली तरी आणा त्यांना, उपाशीपोटी. पट्टी नाही आमच्याकडं. हात मी धरते.