'कॅबरे डान्सर' नको, मग काय म्हणायचं?

मंडळी, एक शब्द हवाय. अमेरिकेतून येऊन पॅरिसमध्ये गाजलेल्या जोसेफीन बेकरवर मराठीत लिहायला घेतलंय आणि पहिल्याच वाक्याला अडलेय. 'प्रसिद्ध कॅबरे डान्सर' लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढं हिंदी पिक्चरमधला व्हिलनचा अड्डा येतो, तोकडे कपडे येतात, झालं. आणि ही बाई गायची, नाचायची, हसवायची, सिनेमात होती, १९३४ साली तर संगीतकार ओफेनबाखच्या 'ला क्रेओल' या ऑपेरेटात, म्हणजे हलक्याफुलक्या संगीत नाटकात, मुख्य भूमिका केली. 'अष्टपैलू' म्हणावं तर लगेच बॅटिंग-बोलिंग आठवते. 'कलावंत' पुरत नाही आणि 'कलावंतीण' लिहायची तर सोयच नाही, पुरुषाला लावला की मानाचा शब्द, बाईला लावला की कोठा, याचा मला खरंच राग येतो.

————

ताई, आधी कॅबरेचंच बघू. तो मुळात नाचाचा प्रकार नाहीच, ती जागा आहे. फ्रेंचमध्ये जुना अर्थ दारूचा गुत्ता. १८८१ साली पॅरिसच्या माँमार्त्रमध्ये 'ल शा न्वार' म्हणजे 'काळा बोका' नावाचं ठिकाण निघालं, लोक टेबलाशी बसून पितायत आणि तिथंच हाताच्या अंतरावर कुणी कविता म्हणतोय, कुणी गातोय, कुणी राजकारण्यांची टिंगल करतोय, असा तो मामला. आपल्याकडं शब्द आला तेव्हा कविता आणि टिंगल वाटेतच गळाली, नाच तेवढा उरला.

त्या हिशोबानं बेकरबाईंचं बरंचसं काम कॅबरेतलं नव्हेच. १९२५ मध्ये त्या 'ला रेव्ह्यू नेग्र' या नाच-गाण्यांच्या कार्यक्रमातून पॅरिसला पुढं आल्या ते शाँझ-एलिझे थिएटरमध्ये, १९२६ मध्ये केळ्यांचा स्कर्ट घालून केलेला त्यांचा गाजलेला नाच फोली बेर्झेरमधला, म्हणजे म्युझिक हॉल, नाच-गाण्यांचं मोठं थिएटर. त्याच वर्षी स्वतःचा क्लब काढला, कॅबरे म्हणायचं तर त्याला म्हणा.

आणि 'रेव्ह्यू' जपून लिहा हं, मराठी वाचक ते पुस्तकाचं परीक्षण समजेल. मूळ एकच आहे तसं, सरत्या वर्षातल्या घडामोडींची स्टेजवर खिल्ली उडवायची तो रेव्ह्यू, पुढं नाच-गाणी-स्किटांची मालिका असा अर्थ झाला.

शब्द म्हणाल तर माझं मत 'हरहुन्नरी'.

————

हरहुन्नरी छान आहे, पण जरा हलका नाही का वाटत? फ्यूजही बदलतो, पेटीही वाजवतो अशा माणसाला म्हणतो आपण. आणि या बाईंना २०२१ मध्ये पाँतेआँमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या थोर व्यक्तींच्या पॅरिसमधल्या स्मारकात, स्थान मिळालं, तो मान मिळालेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

————

पण म्हणूनच तर! हुन्नर म्हणजे नुसती कला नाही, त्यात कसब आहे आणि युक्तीही आहे. सुरुवातीला, अजून अमेरिकेत असताना, त्या कोरसच्या रांगेत टोकाला उभ्या असायच्या आणि मुद्दाम चुकायच्या, पाय भलतीकडं, डोळे तिरळे, स्टेप विसरल्याचं सोंग, लोक हसून बेजार, आणि वन्स मोअरला तोच नाच बाकीच्या पोरींपेक्षा सरस करून दाखवायच्या. चुकल्यासारखं नाचायला आधी नाच किती पक्का बसलेला लागतो बघा. मग दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच प्रतिकार चळवळीसाठी गुप्त माहिती नेली ती गाण्यांच्या नोटेशनच्या कागदांवर, न दिसणाऱ्या शाईनं. दौऱ्यावरच्या गायिकेच्या सामानात गाण्याचे कागद असणारच, कोण संशय घेणार? याला 'बहुआयामी व्यक्तिमत्त्व' म्हणून बघा, सगळा जीवच जातो त्यातला.

फक्त 'नर्तिका' टाळू नका. नाच हा त्यांचा पाया होता, कॅबरेची बदनामी नको म्हणून नाचच लपवला तर तोही अन्यायच.

————

पटलं. मग असं करते: 'जोसेफीन बेकर (१९०६–१९७५) ही हरहुन्नरी नर्तिका, गायिका आणि नटी.' 'नटी' राहू दे ना? 'अभिनेत्री' फार इस्त्री केल्यासारखं वाटतं.

————

राहू दे. आणि 'ही' च्या जागी 'या' करा.