सिगारेट सोडायला कुणी व्हेप (ई-सिगारेट) घेतलं होतं का? जमलं का ते यंत्र? (अनुभव लिहा)

वेळणेश्वरकर

गणपतीआधीची साफसफाई चालली आहे. माळ्यावरची माझी बोटीवरची जुनी पेटी खाली काढली, तर भाचा विचारतो, "मामा, ही बॅटरी कसली? पेटतच नाही." हातात घेऊन बघतो तर माझं व्हेप. आपल्या दमट हवेने कडा हिरव्या पडल्यात, काचेच्या टाकीत काळपट चिकट थेंब. वास मात्र अजून तसाच, कस्टर्डचा.

बोटीवर सेकंड इंजिनिअर होतो. दिवसाला वीस सिगारेटी. २०१७ च्या डिसेंबरात साउदॅम्प्टनला लागलो होतो, तिथे म्हटलं सोडायचीच. दुकानातल्या पोराने मोठ्या उत्साहाने हे एवढं धूड दिलं. ०.५ ओहमची कॉईल (लिक्विड तापवणारी तार, भोवती कापूस), ३ मिलिग्रॅम निकोटिनचं लिक्विड. वर म्हणतो, "ढग मस्त येतात." मला ढग काय करायचेत? वीसवाल्याला ३ मिलिग्रॅम म्हणजे भुकेल्याला पेजेवरची निवळ. हे आत्ता कळतं. तेव्हा एकच कळलं, की ओढून ओढून खोकला येतोय आणि तलफ जागची हलत नाही.

त्यात पहिल्याच रात्री नवी कॉईल बसवली, टाकी भरली आणि लगेच बटण दाबलं. जळक्या कापसाची जी चव घशात बसली ती दोन दिवस गेली नाही. नवीन कॉईलच्या कापसावर आधी चार थेंब सोडायचे, टाकी भरून पाच-दहा मिनिटं थांबायचं, मग ओढायचं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पाच कॉईलचं पाकीट होतं. तीन मी अशाच जाळल्या. उरलेल्या दोन संपल्या तेव्हा आम्ही मधल्या समुद्रात, आणि ऑइलरच्या खिशात सिगारेटचं पाकीट.

इंजिन रूममधला प्युरिफायर डोळे मिटून खोलणारा माणूस मी, आणि बोटाएवढ्या कॉईलपुढे हात टेकले. तुमचं काय झालं? व्हेप, निकोटिनचा गम, पट्टी, नुसता निर्धार, काहीही चालेल. लिहा.

अर्धा_कप

वाचतेय. आमच्याकडे पण आहे एक वीसवाला, त्याला लिंक पाठवली. अजून निळी टिक नाही.

कुडाळचो_झील

माझो आजो दिवसाक विड्यांचे दोन कट्टे ओढी. पावसात नांगर धरलेलो असलो तरी इरल्यात डोक्या घालून एका काडयेत पेटवी. तेका कोणी शिकवूक नाय. आता तुमी सांगतात कापूस भिजवा नि धा मिनटां थांबा. धा मिनटां थांबण्याइतको धीर असतो तर माणूस विडी कित्याक ओढीत?

खाडीपलीकडचा

😂😂 झीलाने विषय संपवला.

सुरंगी

आमच्या ह्यांचं ऐका. दुबईहून २०२० च्या फेब्रुवारीत आले ते हे खेळणं घेऊनच. तिकडे दुकानात उघड मिळतं. सहा महिने सिगारेट शिवलेली नाही म्हणून सगळ्या वाडीला सांगत फिरायचे, आणि खरंच शिवली नव्हती. मग लॉकडाऊन, आणि त्यावर ३ जूनला निसर्ग वादळ. आमच्या घराची अर्धी कौलं गेली, नारळाची अकरा झाडं आडवी, पोफळी तर मोजल्याच नाहीत. वीज आली तेविसाव्या दिवशी.

पॉवर बँकेत शेवटचा एक दिवा उरलेला. मला माहेरी फोन करून आई बरी आहे का विचारायचं होतं, आणि हे कोपऱ्यात पाठ करून बसलेले, वायर व्हेपला लावून! त्या दिवशी मी जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. दोन दिवसांनी कौलं चढवायला माणसं आली, त्यांच्यातल्या एकाने ह्यांना विडी दिली. ती विडी अजून चालू आहे.

यंत्र अवघड होतं असं नाही म्हणणार मी, ह्यांना सगळं येत होतं. पण ज्याला रोज वीज लागते त्याच्या भरवशावर कोकणात व्यसन सोडायचं?

खाडीपलीकडचा

ताई, अकरा नारळ म्हणजे फारच. आमच्याकडे मुरूडला सुपारीची बाग गेली ती अजून उभी नाही. नवीन रोपं लावलीत, फळ धरायला वेळ आहे. भरपाई मिळाली का तुम्हाला?

सुरंगी

मिळाली थोडी. त्याचा वेगळा धागा काढावा लागेल 🙂

नियमबहाद्दर

रंगाचा बेरंग करतो, पण फेब्रुवारी २०२० ला ते आणणंच बेकायदेशीर होतं. १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश निघाला, डिसेंबरात कायदा झाला. बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात, साठा, सगळं बंद. साठ्याला शिक्षा कमी, बाकी सगळ्याला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा आपल्याकडे नवशिक्याची पहिली अडचण कॉईल नव्हे. कायदेशीर दुकानच नाही, तर "हे कसं भरायचं" विचारायचं कुणाला? चोरून विकणारा काय शिकवणार, आणि बाटलीवर लिहिलंय तेच आत आहे हे तरी कशावरून?

सुरंगी

अहो दादा, सहा वर्षं झाली, आता काय धाड घालताय का? आणि ते व्हेप मी तेव्हाच विहिरीत टाकते म्हणाले होते. (टाकलं नाही. विहिरीचं पाणी पितो आम्ही.)

औषधवाला_चिपळूण

दुकानात गिऱ्हाईक नाही तोवर लिहितो.

व्हेप राहू द्या, साधा निकोटिन गम लोकांना अवघड जातो. माझ्याकडे दर महिन्याला दोघे-चौघे नेतात, आणि आठवड्याने येऊन म्हणतात, बेकार आहे, उचकी लागते, पोटात जळजळतं. मी विचारतो कसा खाल्लात? तर चघळला, बबलगमसारखा, कचाकचा. अहो, तो चघळायचा नसतोच! दोन-चारदा हळू चावायचा, जिभेला मिरीसारखी चरचर लागली की थांबायचं आणि गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा. चरचर गेली की परत दोन-चारदा. असं अर्धा तास. निकोटिन गालातून जायला हवं, गिळलंत की पोटात जातं आणि उचकी लागते.

२ का ४ मिलिग्रॅम? सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली लागत असेल तर ४ चा विचार करायचा, पण तो डॉक्टरांना विचारून. त्यानंतर लागत असेल तर २. वेळणेश्वरकर, तुमचंही तेच झालं. ३ च्या लिक्विडने तुमचं भागणारच नव्हतं. बारीक ओढीचं साधं यंत्र आणि जास्त मिलिग्रॅमचं लिक्विड दिलं असतं तर कदाचित गोष्ट वेगळी झाली असती.

आमसूल

माझा उपाय एकदम कोकणी. तलफ आली की आमसुलाचं अर्धं फूल तोंडात. आंबट लागलं की सिगारेटची इच्छाच होत नाही. सोबत गम पण घेत होतो. दोन्ही मिळून तीन महिने काढले, पण खरं सांगायचं तर गमचा काही फरक जाणवला नाही. सगळा पराक्रम आमसुलाचा.

औषधवाला_चिपळूण

अरे देवा. आमसूल तोंडात असताना गम?? आंबटाने तोंडात निकोटिन शोषलंच जात नाही! गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, सरबत, सोलकढी काही नाही. तुम्ही तीन महिने पैसे देऊन रबर चावलंत.

आमसूल

😳 पाकिटावर इतक्या बारीक अक्षरात कोण वाचतो. पण सुटली ना! २०२१ पासून एकही नाही.

खाडीपलीकडचा

आमसूल घरची का हो? विकायची आहेत का? गेल्या वर्षी बाजारातली घेतली ती नुसती मिठाने भरलेली होती.

आमसूल

घरचीच. सात पुटं दिलेली. मेसेज करा.

परचुरीची_सून

विषय सिगारेटचा आहे पण मशेरीबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? आमच्या सासूबाई चाळीस वर्षं लावत होत्या. दर रविवारी तव्यावर तंबाखू भाजायच्या, पूर्ण काळी होईपर्यंत. घरभर खकाणा, मी ओटीवर जाऊन शिंकत बसायचे, लेक दप्तर घेऊन शेजारी पळायची. मग ती चुरायची, डबीत भरायची. दात घासायला म्हणून सुरुवात, आणि मग दिवसातून पाच वेळा दात घासायचे!

त्या बाई म्हणून त्यांना कुणी व्यसनी म्हटलं नाही, म्हणून सोडायला पण कुणी सांगितलं नाही. तोंडात पांढरा चट्टा दिसला तेव्हा दंतवैद्याने सांगितलं. सुटली, पण रविवारी दुपारी त्या अजून चुलीपाशी जाऊन बसतात. काही करत नाहीत, नुसत्या बसतात. आता मी तिथे त्यांच्याबरोबर काजू भाजते.

अर्धा_कप

हे वाचून आजी आठवली. तिची पितळी डबी आमच्याकडे आहे अजून, आई त्यात सुया ठेवते.

कुडाळचो_झील

आमच्या आवशीची पण. डबी तीच, आत आता बीपीची गोळयो.

रात्रपाळी

थोडा उलटा सूर लावतो. लेक कोल्हापूरला हॉस्टेलवर आहे. त्याच्या खोलीत हायलायटर पेनसारखं काहीतरी सापडलं, गुलाबी, कलिंगडाच्या वासाचं. भरायचं नाही, कॉईल नाही, बटणसुद्धा नाही. ओढलं की चालू, संपलं की फेकून द्या. तुम्ही सगळे म्हणताय यंत्र अवघड. मला वाटतं ते आता फार सोपं झालंय, पण भलत्याच माणसांसाठी. पन्नाशीचा वीसवाला तांडेल ते घेत नाही, आणि ज्याने आयुष्यात सिगारेट ओढली नाही तो एकोणीस वर्षांचा पोरगा घेतो. इंग्लंडनेसुद्धा असली वापरा-फेकाची १ जून २०२५ पासून बंद केली.

पोरावर ओरडलो नाही. विचारलं फक्त, किती दिवसांत संपतं? म्हणाला, आधी आठवडा पुरायचं, आता तीन दिवस.

परचुरीची_सून

😔 बरं केलंत ओरडला नाहीत ते.

आकडेमोड

वर कुणी विचारलं नाही तरी सांगतो, सवय. २०१९ ला न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडचा एक अभ्यास आला होता. ८८६ माणसं, सगळी सोडायला आलेली. अर्ध्यांना व्हेप, अर्ध्यांना गम-पट्टी वगैरे. वर्षाने व्हेपवाल्यांपैकी १८ टक्के सिगारेटमुक्त, दुसऱ्या गटात ९.९ टक्के. म्हणजे व्हेप सरस, पण १८ मुक्त तर ८२ नाहीतच, हेही बघा. आणि मुक्त झालेल्यांतले ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढतच होते.

धाग्यासाठी मुद्द्याची गोष्ट वेगळीच. या लोकांना यंत्र नुसतं हातात दिलं नव्हतं. कसं वापरायचं ते दाखवलं आणि निदान चार आठवडे, दर आठवड्याला समोर बसून एक माणूस विचारपूस करायचा. वेळणेश्वरकरांना काय मिळालं? ढग मस्त येतात म्हणणारा पोरगा.

वेळणेश्वरकर

अगदी. तो पोरगा तोंडाने ढगाची कडी काढून दाखवत होता, मी माना डोलावत होतो.

बऱ्याच जणांनी विचारलंय पुढे काय झालं. मार्चमध्ये सिंगापूरला जायचं होतं. तिथे १ फेब्रुवारी २०१८ पासून व्हेप जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा. कॅप्टनने सगळ्यांची गोळा करून सील करून ठेवली, आणि घरी निघताना हातात दिली. तेव्हापासून ते पेटीत.

सुटली २०१९ च्या मे महिन्यात, घरी सुट्टीवर असताना. पाकिटावर तंबाखू सोडायला मदत करणारा नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. बायकोने माझ्याच रिकाम्या पाकिटावरून लावला आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडच्या बाईंनी फक्त दोन गोष्टी विचारल्या. पहिली किती वाजता लागते, आणि ती ओढताना तुम्ही कुठे बसता? मी म्हटलं, मागच्या पडवीत, पाट्यावर. म्हणाल्या, पाटा हलवा.

हसू नका. पाटा हलवला. सकाळचा चहा पुढच्या ओटीवर घ्यायला लागलो. गम होताच, आणि तो मी बरोबर खाल्ला, कारण माझ्या औषधवाल्याने मला तिथेच उभं करून पहिला खायला लावला होता. तीन वेळा घसरलो, एकदा मुंबईत लग्नात, दोनदा बोटीवर. चौथ्यांदा नाही.

सुरंगी

पाटा हलवा!! आमच्याकडे पडवीच हलवावी लागेल.

नियमबहाद्दर

त्या जुन्या व्हेपमधली बॅटरी काढा आधी. लिथियमची असते, फुगलेली असो वा नसो, कचऱ्यात नको, जाळू तर अजिबात नका. आणि भाच्याला देऊ नका.

वेळणेश्वरकर

काढली. फुगलेली नाही. पुढच्या आठवड्यात रत्नागिरीला जाणं आहे, तिथे ई-कचऱ्यात देतो. भाच्याला काचेची टाकी हवी होती, गणपतीच्या मखरात दिवा करणार म्हणाला. नाही म्हटलं, वास येईल कस्टर्डचा बाप्पाला.

कुडाळचो_झील

बाप्पाक मोदकाचो वास येवचो, कस्टर्डचो कित्याक 😄

वीसवाला

नमस्कार. अर्धा_कपने लिंक पाठवली होती, तो मीच. पहिल्यांदाच लिहितोय. सगळं वाचलं रात्री. आज चौथा दिवस. व्हेप मित्राकडून मागवणार होतो, नाही मागवलं. २ चा गम आणलाय. चहा सोडवत नाहीये, तो पंधरा मिनिटं आधी संपवतो. फक्त उचकी लागते हो फार, आत्ता पण लागलीय.

औषधवाला_चिपळूण

हळू चावा.

अर्धा_कप

इथून ऐकू येतेय मला उचकी. आणि हो, मागच्या दारातली खुर्ची मी मघाशी उचलून गोठ्यात ठेवलीय, शोधू नका.