अमिगा १२०० वर पीसीच्या फ्लॉपीतल्या आर्काइव्ह फाइली खराब निघतायत

प्रश्न: अमिगा १२०० (कमोडोरचा जुना कॉम्प्युटर) वर वर्कबेंच ३.१ ही सिस्टिम आहे. ७२० केबीची पीसी फ्लॉपी घातली की आयकॉन येतो, टेक्स्ट फाइली मस्त उघडतात, पण एलएचए फाइल (झिपसारखी दाबून बांधलेली आर्काइव्ह) कॉपी करून उघडायला गेलं की चेकसम एरर, म्हणजे आतला डेटा जुळत नाही. फ्लॉपी बदलली तरी तेच. ड्राइव्ह गेला का?

उत्तर: ड्राइव्ह नाही हो, तो गेला असता तर रीड एरर आली असती. क्रॉसडॉस (अमिगावर पीसीच्या फ्लॉपी वाचणारी सोय) ची कॉमोडिटी, म्हणजे तिच्या सेटिंगचा छोटा प्रोग्रॅम उघडा, पीसी० (पीसी फ्लॉपी म्हणून वाचताना ड्राइव्हचं नाव) साठी टेक्स्ट फिल्टर चालू असणार. पीसीवर ओळीच्या शेवटी सीआर (कॅरेज रिटर्न, कोड १३) आणि एलएफ (लाइन फीड) असे दोन बाइट, अमिगावर नुसता एलएफ, म्हणून तो फिल्टर वाचतानाच सीआर गाळतो. टेक्स्टला छानच, पण आर्काइव्हमधला १३ किमतीचा प्रत्येक बाइट म्हणजे डेटा असतो, तो गेला की फाइल मोडलीच. फिल्टर बंद करून पुन्हा कॉपी करा, आधीची कॉपी दुरुस्त होणार नाही.

अजून एक: फ्लॉपी शक्यतो डीडीच (डबल डेन्सिटी, ७२० केबीची) घ्या. एचडीच्या (हाय डेन्सिटी, १.४४ एमबीची) भोकाला चिकटपट्टी लावून ७२० वर फॉरमॅट होते खरी पण तिचं कोटिंग वेगळं, भरवसा नाही, जुना डेटा तरी त्यावर ठेवू नका.

प्रश्नकर्ता: फिल्टर चालूच होता! बंद केल्यावर सगळ्या फाइली उघडल्या, खूप आभार. आता उरलेल्या डीडीवर घेतो.