मदत हवी आहे: नदीकाठच्या सोसायट्यांसाठी ऑटोमेटेड फोन आणि एसएमएस

पुण्यात सिंहगड रोडला मुठेकाठच्या काही सोसायट्यांनी मिळून एक गट केला आहे. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की पार्किंगमधल्या गाड्या हलवायचा निरोप सगळ्यांना एकदम जायला हवा. २५ जुलै २०२४ ला पहाटे एकतानगरीत पाणी शिरलं ते सगळ्यांना आठवत असेल. अशा वेळी लोक झोपेत असतात. व्हॉट्सॲप ग्रुप आहेच, पण रात्री तो सायलेंट. तळमजल्यावरच्या बऱ्याच आजी-आजोबांकडे साधा फोन आहे, त्यामुळे रेकॉर्ड केलेला मराठी फोन हाच खरा उपाय वाटतो.

व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) करून पाहिली. ज्यांनी आमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना मेसेज जातच नाही. बल्क एसएमएसवाल्यांकडे चौकशी केली, तर आधी डीएलटी नोंदणी (बल्क मेसेज पाठवणाऱ्यांची मोबाइल कंपन्यांकडची सक्तीची नोंदणी) करा, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव म्हणून दिसणारा कोड) आणि टेम्प्लेट (मेसेजचा ठरलेला मजकूर) मंजूर करून घ्या म्हणाले. मराठीत एका एसएमएसमध्ये ७० च अक्षरं बसतात, तेवढ्यात मजकूर बसवला आहे.

साधारण सातशे नंबर आहेत, सगळ्यांची लेखी संमती घेतली आहे. जाहिरात अजिबात नाही. वापर फक्त पावसाळ्यात, म्हणून दरमहा भाड्याऐवजी वापराल तेवढे पैसे असं हवं.

अडचण अशी की आमचा गट नोंदणीकृत नाही, सोसायट्या मात्र आहेत. एकाच सोसायटीच्या नावाने डीएलटी नोंदणी करून बाकीच्यांनाही निरोप पाठवता येतो का? आणि डीएनडी (नको असलेले जाहिरातीचे फोन-मेसेज बंद करायची सोय) असलेल्या नंबरांवर पहाटे तीनला असा फोन लागतो का? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा, धरण भरायच्या आत हे लावायचं आहे.