जेम्स बर्नार्ड यांचं भयपटसंगीत: काय ऐकावं, कसं ऐकावं?

मंद्रसप्तक

ब्रिटिश चित्रपटसंगीताच्या गप्पा जॉन बॅरी, माल्कम अर्नोल्ड, विल्यम वॉल्टन यांच्यापुढे फारशा सरकत नाहीत. जेम्स बर्नार्ड (१९२५–२००१) यांचं नाव निघालंच तर ‘हॅमरच्या (भयपटांसाठी प्रसिद्ध ब्रिटिश चित्रपटकंपनी) ड्रॅक्युलावाले’ एवढ्यावर विषय संपतो. हा माणूस रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये संगीतकार हर्बर्ट हॉवेल्स यांच्याकडे शिकला आणि संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्या ‘बिली बड’ या ऑपेराच्या स्वरलेखनाच्या प्रती करायला त्याने हातभार लावला. ऑस्करही मिळालं, पण संगीतासाठी नाही, ‘सेव्हन डेज टू नून’ या चित्रपटाच्या कथेसाठी, पॉल डेन यांच्यासोबत. त्यांचं संगीत नीट ऐकायचं तर जाणकारांकडून तीन गोष्टी हव्या आहेत:

१) १९५८च्या ‘ड्रॅक्युला’मधली तीन स्वरांची धून इतकी अंगावर का येते? स्वर तर अगदी साधे आहेत.
२) डीव्हीडीवरचा आवाज आणि नंतर नव्याने ध्वनिमुद्रित केलेलं संगीत यांचे सूर जुळत नाहीत. पेटीवर धरायला गेलं तर डीव्हीडी दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी सापडते. असं का?
३) सुरुवात कुठून करावी? ‘त्यांचे सगळे चित्रपट सारखेच वाजतात’ ही तक्रार कितपत खरी?

पेटीमास्तर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पेटीवर पाच मिनिटांत मिळतं.

ती धून म्हणजे ‘ड्रॅ-क्यु-ला’ ही तीन अक्षरं. बर्नार्ड चित्रपटाच्या नावाची अक्षरं मोठ्याने म्हणत आणि त्यांच्या वजनावर स्वर बसवत. इथे पहिल्या अक्षरावर जोर आहे आणि दुसरं एकदम सप्तकभर खाली कोसळतं. म्हणजे तार सा वरून थेट मध्य सा. मध्ये ना मींड, ना एखादा कण.

पण भीती या झेपेत नाही, ती जोडस्वरांत आहे. तीच धून त्याच वेळी एक पूर्ण स्वर अंतरावरही वाजते. पांढरी एक सा धरा. उजव्या हाताने तार सा, मध्य सा वाजवा. मग दुसऱ्या बोटाने प्रत्येक सा बरोबर शुद्ध रे दाबा आणि भाता जोरात मारा. आपल्या कानाला रे ऐकू आला की तो सा वर येऊन टेकेल अशी अपेक्षा असते. इथे तो टेकतच नाही, सा च्या बरोबरीने चालत राहतो. तणाव सुटत नाही तो त्यामुळे.

आता हेच एक सप्तक खाली करा. मध्य सप्तकात सा सुमारे २६२ हर्ट्‌झ आणि रे सुमारे २९४, फरक ३२ कंपनांचा. मंद्रात सा १३१, रे १४७, फरक फक्त १६. फरक इतका कमी झाला की कानाला दोन वेगळे स्वर लागत नाहीत, एकच खरखरीत, थरथरणारा आवाज लागतो. धून सप्तकभर खाली कोसळते तेव्हा स्वराबरोबर त्याचा पोतही बदलतो, तो असा.

नेहमी होणारी चूक अशी: लोक सा आणि कोमल रे दाबून बघतात. तो अर्ध्या स्वराचा घासा (दोन जवळचे स्वर एकत्र वाजल्याचं घर्षण) असतो आणि तो चटकन ‘भुताचा आवाज’ वाटतो. बर्नार्ड यांचा घासा पूर्ण स्वराचा आहे, म्हणून तो जास्त भरदार आणि गर्विष्ठ वाटतो. ख्रिस्तोफर ली यांच्या ड्रॅक्युलाला तोच शोभतो.

ध्वनितंत्री

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. दोष तुमच्या पेटीत नाही.

चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम्सनी) चालतो. ब्रिटन-युरोपच्या जुन्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर आणि डीव्हीडीवर तो २५ चौकटींनी चालवत. वेग सुमारे चार टक्के वाढतो. वेगळी दुरुस्ती केली नसेल तर सूरही वर चढतो, सुमारे ०.७ अर्धस्वर. म्हणूनच तो दोन पट्ट्यांच्या मधे पडतो. खूण सोपी आहे: ८२ मिनिटांचा ‘ड्रॅक्युला’ तुमच्या डिस्कवर ७९ मिनिटांच्या आत संपत असेल तर ती चढ्या वेगाची प्रत आहे. ब्ल्यू-रे साधारणपणे २४ चौकटींनी चालते, तिथे मूळ सूर मिळतो. डीव्हीडीच वापरायची असेल तर संगणकावर ऑड्यासिटीसारख्या प्रोग्रॅममध्ये आवाजाचा वेग ४ टक्क्यांनी कमी करा. वेग आणि सूर दोन्ही एकत्र बदलणारा पर्याय निवडा. फक्त ‘टेम्पो’ बदललात तर सूर चढाच राहील.

आणखी एक. हा मूळ आवाज मोनो आहे. टीव्हीतला किंवा साउंडबारमधला ‘सराउंड’ परिणाम बंद करा. तो आवाज कृत्रिमपणे पसरवतो आणि वर पेटीमास्तरांनी सांगितलेला घासा पातळ होतो. त्या काळच्या चित्रपटगृहांच्या ध्वनिपद्धतीत साधारण ८,००० हर्ट्‌झच्या वरचा भाग मुद्दाम दाबलेला असे, त्यामुळे ट्रेबल वाढवून व्हायोलिन उजळत नाहीत, फक्त फितीची खरखर वर येते. बासही वाढवू नका. चेलो-डबल बासच्या जागी नुसती गुरगुर उरते.

पडद्यामागे

तिसरा प्रश्न. माझ्या मते सुरुवात ‘ड्रॅक्युला’पासून करूच नये. ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’ (१९५५) आधी बघा.

या चित्रपटाचं काम आधी जॉन हॉचकिस यांच्याकडे होतं, ते आजारी पडले. हॅमरचे संगीतसंचालक जॉन हॉलिंग्सवर्थ यांनी बर्नार्ड यांचं ‘द डचेस ऑफ माल्फी’ या रेडिओनाटकाचं संगीत पुढे केलं आणि काम मिळालं. वाद्यं किती? फक्त तंतुवाद्यं आणि तालवाद्यं. ना हॉर्न, ना बासरी. नुसत्या तंतुवाद्यांवरचा भयपट म्हटला की लोकांना हिचकॉकचा ‘सायको’ आठवतो, तो १९६०चा. हा त्याच्या पाच वर्षं आधीचा आहे, हे ठळकपणे सांगितलं जायला हवं. व्हायोलिनची दोन स्वरांमधली चढउतार, खालून व्हायोलांची थरथर, आणि मधूनच टिंपनी (मोठे नगारे). लांबलचक चाल कुठेच नाही. साधनं इतकी कमी की प्रत्येक गोष्ट स्वतंत्र ऐकू येते, म्हणून कान तयार करायला हाच उत्तम.

मग ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ (१९५७) आणि ‘ड्रॅक्युला’ (१९५८). इथे ट्रॉम्बोन-हॉर्न आले. वाद्यमेळाची मांडणी बर्नार्ड स्वतःच करत, त्यामुळे कोणता स्वर कोणत्या वाद्याला द्यायचा हा निर्णयही त्यांचाच आहे.

‘ड्रॅक्युला’चा शेवटचा पाठलाग दोनदा बघा. एकदा जसा आहे तसा. दुसऱ्यांदा चित्र बंद करून फक्त आवाज. ड्रॅक्युलाच्या मागे लागलेले पीटर कुशिंग टेबलावरून धावत खिडकीच्या पडद्यावर झेप घेतात ती जागा आवाजातूनही कळते. सूर्यप्रकाश आल्यानंतर घासा कधी निवळतो तेवढं पकडा. इतका वेळ न टेकलेला स्वर तिथे टेकतो.

एक सावधगिरी: हॅमरचा चित्रपट म्हणजे बर्नार्डच असं नाही. ‘द ममी’चं (१९५९) संगीत फ्रान्झ रायझेनस्टाइन यांचं, ‘द ब्राइड्स ऑफ ड्रॅक्युला’चं (१९६०) माल्कम विल्यमसन यांचं, ‘द कर्स ऑफ द वेअरवुल्फ’चं (१९६१) बेंजामिन फ्रँकेल यांचं. आंतरजालावरच्या संकलनांत हे सगळं बर्नार्ड यांच्या नावावर सर्रास खपवलेलं असतं. श्रेयनामावली बघूनच यादी करा.

तिरकस_रसिक

एक विरोधी मत नोंदवतो. घासा, झेप, टिंपनी हे सगळं मान्य, पण ‘ड्रॅक्युला: प्रिन्स ऑफ डार्कनेस’ (१९६६), ‘ड्रॅक्युला हॅज रिझन फ्रॉम द ग्रेव्ह’ (१९६८) आणि ‘स्कार्स ऑफ ड्रॅक्युला’ (१९७०) ओळीने ऐकले तर तेच तीन स्वर पुन्हा पुन्हा येतात. पाठलागाची जागा आली की तीच ठोकाठोक. याला थोर म्हणायचं का?

पडद्यामागे

तीन स्वर पुन्हा येतात कारण पात्र तेच आहे, ती तक्रार मला पटत नाही. पाठलागांबद्दल मात्र तुमचं म्हणणं बरोबर आहे. ‘स्कार्स’ त्या दृष्टीने कच्चा आहे. पण त्याच १९७० सालचा ‘टेस्ट द ब्लड ऑफ ड्रॅक्युला’ घ्या. ड्रॅक्युलाची धून तीच, पण तिच्यासमोर तरुण प्रेमिकांसाठी तंतुवाद्यांची एक लांब, श्वास न तोडणारी चाल आहे. तिच्यात घासा जवळजवळ नाहीच. ती आधी कानात बसते, म्हणून तिच्यावर तीन स्वर आदळले की धोका खरा वाटतो. बर्नार्ड यांची खरी उपेक्षा इथे झाली आहे. त्यांना फक्त ‘भीतीवाले’ समजलं गेलं. ‘फ्रँकेन्स्टाइन क्रिएटेड वुमन’ (१९६७) मधली क्रिस्टिनाची चाल ऐका. भयपटाचं नाव झाकलं तर कुणी ओळखणार नाही.

एकसुरीपणाची शंका असेल तर आणखी दोन. ‘द किस ऑफ द व्हॅम्पायर’ (१९६३) मध्ये पियानोवर वाजणारी रचना कथेतलंच एक पात्र वाजवतं आणि ऐकणाऱ्याला भुरळ घालतं, म्हणजे संगीत इथे पार्श्वभूमीला नाही, कथानकाच्या कामाला लागलं आहे. ‘द गॉर्गन’ (१९६४) मध्ये शब्दांवाचून गाणारा स्त्रीचा वरच्या पट्टीतला आवाज आणि नोव्हाकॉर्ड एकत्र आहेत. नोव्हाकॉर्ड हे हॅमंड कंपनीचं जुनं विद्युत्-वाद्य. आवाज कुठे संपतो आणि वाद्य कुठे सुरू होतं हे ओळखायचा प्रयत्न करा, सहज जमत नाही.

पेटीमास्तर

‘द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे’ (१९५९) कुणी नावावरून उचलेल म्हणून सांगतो. संगीत बर्नार्ड यांचंच, विषय ठगांचा, पण चित्रण इंग्लंडमधल्या ब्रे स्टुडिओतलं. बर्नार्ड यांचा जन्मही हिमालयातल्या नथिया गलीचा, आजच्या पाकिस्तानातला. त्यावरून राग शोधायला बसू नका, निराशा होईल. हा लंडनच्या वाद्यमेळाने कल्पनेत रंगवलेला हिंदुस्थान आहे आणि तसाच ऐकला पाहिजे.

मंद्रसप्तक

सा-रे चा प्रयोग मंद्रात करून पाहिला, घासा स्पष्ट लागला. पाल डीव्हीडीचाही खुलासा झाला, माझी प्रत ७९ मिनिटांच्या आतच संपते. एक राहिलं: मुक्या चित्रपटासाठी त्यांनी काही केलं होतं ना?

ध्वनितंत्री

हो, जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊ यांचा १९२२चा ‘नॉस्फेरातू’. त्यासाठी बर्नार्ड यांनी १९९७ मध्ये पूर्ण वाद्यमेळाचं नवं संगीत लिहिलं. हे ऐकण्यासारखं आहे कारण इथे संवाद नाहीत, दारांचे-पावलांचे आवाज नाहीत. हॅमरच्या चित्रपटांत घोडागाडीच्या खडखडाटाखाली आणि किंकाळ्यांखाली जे दबून जातं ते सगळं इथे उघड्यावर आहे. सिल्व्हा स्क्रीन या ध्वनिमुद्रण कंपनीने याचं ध्वनिमुद्रण काढलं आहे, सिटी ऑफ प्राग फिलहार्मोनिकचं. वेगाचा घोळ त्यात नाही, पेटीवर सूर थेट लावता येतो, आणि स्टिरिओ असल्याने कोणत्या बाजूच्या तंतुवाद्यांतून कोणता स्वर येतो तेही हेडफोनवर वेगळं काढता येतं.