साइडकारची मोटारसायकल डावीकडे ओढते : मदत हवी आहे

माझ्या जुन्या ३५० सीसी मोटारसायकलला डावीकडे साइडकार आहे. वेग वाढवताना अशी गाडी थोडी डावीकडे जाणारच. परंतु सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगातही हँडल सतत उजवीकडे दाबून धरावे लागते आणि साइडकारच्या टायरची बाहेरची कडा करवतीच्या दात्यांसारखी झिजली आहे. हवा, चाकांचे बेअरिंग, हँडलचा कोनसेट (हँडल ज्यांवर फिरते ती बेअरिंग) आणि जोडणीचे चारही बोल्ट तपासले, त्यांत दोष नाही. चाकांलगत सरळ पट्ट्या ठेवून मोजल्यावर टो-इन (साइडकारचे चाक पुढच्या बाजूने मोटारसायकलकडे किती वळले आहे त्याचे माप) ३५ मिमी भरला, म्हणजे झिजेचे कारण बहुधा तेच. ओढ मात्र मोटारसायकलचा बाहेरचा कल (साइडकारपासून दूर, म्हणजे उजवीकडे झुकाव) कमी असल्याचे सुचवते. अलाइनमेंटवाले ही गाडी घेत नाहीत, त्यामुळे काम घरीच करायचे आहे. तर आधी टो-इन कमी करावा की कल वाढवावा, आणि मापे चालक व साइडकारमधील वजनासह घ्यावीत की रिकाम्या गाडीवर?